तिसऱ्या टॅपेटचा आवाज

४ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार पोचवतो, पाया पडणं भेटीत.

आपली काळी गाडी तयार झाली. तिला खरा खर्च काय आला ते तुलाच सांगतो, बाकी कुणाला सांगण्यासारखा नाही. अकरा महिने. माझ्या कमरेचा एक मणका. दोन जुनी गिऱ्हाइकं. त्यांच्या गाड्या ताटकळत ठेवून मी काळीच्या पोटाखाली झोपलो, म्हणून ती समोरच्या गॅरेजात गेली आणि तिथे खूश आहेत असं कानावर येतं. तुझ्या भावजयीचे तीन अबोले, पैकी तिसरा माझ्या लक्षातच आला नाही, त्याबद्दल चौथा. पैशाचा आकडा लिहीत नाही. माझी पत्रं टपालात पडायच्या आधी ती वाचते, आणि पाचवा अबोला मला परवडणार नाही.

पण गाडी बघशील तर बघत राहशील. रंग असा की त्यात तोंड बघून दाढी करावी. गाद्या नव्या, काचा नव्या, समोरची पेट्रोल-वेगाची घड्याळं नवी. आणि इंजिन? चालू इंजिनाच्या बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला, थेंब सांडला नाही. माझ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांचा पगार देतो हे खरं, पण टाळ्या मनापासून होत्या.

आता मुद्द्याचं. भावोजींनी पक्षाघातानंतर घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, रुग्णवाहिका नको, भाड्याची गाडी नको, पोटच्या मुलाची गाडी नको, असं तू म्हणालीस. बरोबरच आहे. जन्मभर ज्याने दुसऱ्यांना फिरवलं तो माणूस परक्या गाडीत सामानासारखा कसा जाईल? पण ही त्यांची स्वतःची. डॉक्टरांचे ड्रायव्हर म्हणून चालवली, डॉक्टरांनी जाताना त्यांच्याच नावावर केली, मग आजारापर्यंत ह्यांनीच हाकली. हिला ते नाही म्हणायचे नाहीत. येत्या रविवारी घेऊन येतो. त्यांना नवा शर्ट घालून ठेव. पुढचं माझ्याकडे लागलं.

तुझा,
ढब्या


२१ जानेवारी

प्रिय ढब्या,

नीट पोचलास ना? फोनवर मी नुसतं हं-हं केलं, कारण हे समोर बसलेले असतात आणि ह्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल बोलायचं म्हणजे कसंसंच होतं. म्हणून दुपारी ह्यांचा डोळा लागला की लिहिते. तुझी पत्रं मात्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवते. तेव्हा जरा बेताने लिहीत जा. चौथ्या अबोल्यापाशी मला थांबावं लागलं.

तू तोंड पाडून गेलास ते बरं वाटलं नाही. गाडी फार सुंदर केलीस रे. सगळी गल्ली बघून गेली. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई दुकान उघडं टाकून आल्या. पण ह्यांनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाले, "नाही." तू दार उघडून गाद्या दाखवल्यास, आरसा दाखवलास, हॉर्न वाजवलास. ह्यांचं आपलं नाही ते नाहीच. आता ह्यांच्याजवळ तीनच शब्द उरलेत, हो, नाही आणि असू दे. त्यातला एक तुझ्या वाट्याला आला.

तू गेल्यावर संध्याकाळी बघते तर हे अजून खिडकीतच, मान कोपऱ्याकडे कललेली. मी विचारलं, कुणाची वाट बघताय, गाडीची का? हो म्हणाले. अहो, ती सकाळीच येऊन गेली की. तर नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आपली काळी वाजायची. शिंपीणबाईंच्या कोपऱ्यावर वळली की मला इथे स्वयंपाकघरात कळायचं आणि मी ताटं घ्यायची. तू आणलीस ती मांजराच्या पावलांनी आली. तू हॉर्न वाजवलास तेव्हा मी बाहेर आले. ह्यांच्या दृष्टीने कुणीतरी दुसरीच गाडी काळी रंगवून आणलीय.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई काल स्पष्टच बोलल्या. पायात जोर आहे, पण खुर्चीपासून पलंगापर्यंत चालून तो टिकायचा नाही. टेकडीवरच्या त्यांच्या केंद्रात यायला हवं, उघड्यावर चालायला हवं. उन्हाळा संपेतो हे घरातच बसले तर मग कायमचे बसले. असं त्या ह्यांच्या देखत म्हणाल्या. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा असं कर. आवाज तू काढलास, तूच परत घाल. तुला काय अवघड आहे?

तुझी,
ताई


२८ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ गॅरेजाच्या पाटीकडे बघत बसलो. पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे, "कसलाही आवाज खात्रीने बंद". चांगल्या इंजिनात आवाज घालून देणारे या धंद्यात पुष्कळ आहेत, पण ते नकळत घालतात. मुद्दाम घालणारा मी पहिलाच.

अडचण अशी की तो आवाज कसला होता हे आता मला दाखवायला काही उरलेलं नाही. काळीच्या अंगावर बोलू शकेल असं जे जे होतं ते मी काढून फेकलं. झडपा, स्प्रिंगा, सैल पट्ट्या. धूर नेणाऱ्या नळीच्या वर कुणा अडाण्याने पत्र्याची एक वाकडी चौकट वेल्ड करून ठेवली होती, ती मी स्वतःच्या हाताने कापली आणि त्या अडाण्याचा उद्धार करत भंगारात टाकली. भंगारवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, शेठ, तुम्ही दिलेलं परत मागायला आलेले पहिलेच.

मग साक्षी गोळा केल्या. तुझा मुलगा म्हणतो खडखड. माझा फोरमन म्हणतो टकटक. तुझी भावजय म्हणते, घरी आलेला माणूस दारात उभा राहून खिशात किल्ल्या शोधतो, तसा. ती माझ्याकडे बघूनच म्हणाली.

पण साक्षीची मला गरज काय? तो आवाज पहिल्यांदा ओळखला कुणी? हे पुढचं भावोजींना सावकाश, मोठ्याने वाचून दाखव, त्यांना बरं वाटेल.

भावोजींनी मला वस्तादांच्या गॅरेजात चिकटवलं तेव्हा मिसरूडही नव्हतं. नटबोल्ट रॉकेलमध्ये धुण्यापलीकडे मला काही शिवू देत नव्हते. एक दिवस डॉक्टरांची तक्रार आली, गाडी वाजते. भावोजी काळी घेऊन आले. वस्तादांनी इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं, सगळीकडे फिरवलं, आणि म्हणाले, यात काही नाही. मी बादलीपाशी बसून म्हटलं, तिसरा टॅपेट. म्हणजे झडपेला धक्का देणारा जो दांडा असतो, तो सैल आहे. वस्ताद म्हणाले, तुला कसं कळलं रे? मी म्हटलं, गाडी गल्लीत वळताना ऐकलं. त्यांनी झाकण उघडलं, मापलं, तर तिसरा टॅपेट केसभर सैल. आवळला. डॉक्टरांना बसवून फेरी मारली, आवाज गायब. वस्तादांना कान लावून ऐकू आला नाही तो मला रस्त्यावरून ऐकू आला. त्या दिवशी माझ्या हातातली बादली सुटली आणि पाना आला. वस्ताद मला 'कान' म्हणायला लागले, आज बाजार कानशेठ म्हणतो. तीन गॅरेजं उभी राहिली ती त्या एका टॅपेटवर. आजसुद्धा माझ्याकडे सात इंजिनं एकदम चालू असोत, त्यातलं एक बंद पडलं तर मी आत फोनवर बोलता बोलता सांगतो कुठलं ते.

पुढे काळीचा तो आवाज परत सुरू झाला, तेव्हा मी भावोजींना कितीदा म्हटलं, आणा, दहा मिनिटांचं काम आहे. ते म्हणायचे, असू दे. आता कळतं, त्यांना तो आवडायचा.

तर तिसरा टॅपेट सैल करतो की झालं. आठवड्याचं काम.

तुझा,
कानशेठ ऊर्फ ढब्या


८ फेब्रुवारी

प्रिय ढब्या,

एक आनंदाची गोष्ट आणि एक काळजीची.

आनंदाची आधी. हे हसले. आजारानंतर पहिल्यांदा. मी तुझं टॅपेटचं आख्यान वाचत होते, तर "वस्तादांना कान लावून ऐकू आला नाही" इथे ह्यांच्या घशातून असा आवाज आला की मी घाबरून पाणी आणलं. मग बघते तर खांदे हलतायत. दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत वाचलं, तर पुन्हा त्याच ओळीला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. तुझं किती कौतुक आहे बघ ह्यांना.

काळजीची अशी, की तेव्हापासून ह्यांचं जेवणाचं काहीतरी बिनसलंय. मी ताट पुढे ठेवते, हे डाव्या हाताने चमचा घेतात आणि ताटावर वाजवत बसतात. भूक लागली का विचारलं तर नाही. मग वाजवताय कशाला, तर माझ्याकडे असं बघतात की जणू मीच मंद आहे. काल फळीवर बोट दाखवलं. फळीवर काय, ह्यांचा कामावर न्यायचा जुना स्टीलचा डबा. काढून दिला तर मांडीवर घेतला, आत चमचा टाकला, झाकण लावलं आणि कानाशी धरून हलवला. लहान मूल खुळखुळा हलवतं ना, अगदी तसं. मग माझ्याकडे बघून, "हो."

मी तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेले. आता डोक्यावरही परिणाम व्हायला लागला का रे? मुलाला अजून सांगितलेलं नाही. तू कुणाला तरी मोठ्या डॉक्टरला विचार.

आवाजाचं काय झालं?

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आवाजाचं काय झालं ते तुला माहीतच आहे, फोन तूच त्यांच्या कानाला लावला होतास. तिसरा टॅपेट सैल केला, फोन इंजिनापाशी धरला, भावोजी म्हणाले, नाही. चौथा केला, नाही. सगळे सैल केले तेव्हा इंजिन शिलाई मशीनसारखं वाजायला लागलं आणि रस्त्यावरून एक गिऱ्हाईक आत डोकावून गेलं, आलं नाही. मग धुराच्या नळीचा जोड ढिला केला, सैल वॉशर ओवले, पंख्याला पत्र्याची पट्टी लावली. नाही, नाही, नाही. आमचा सगळ्यात नवा मेकॅनिक फोरमनला हळूच विचारत होता, शेठ बरे आहेत ना? मला ते ऐकू आलं. असलं सगळं ऐकू येतं.

डब्याचं वाचलं. ताई, तू धीर धर. अशा आजारात माणूस कधी कधी लहान होतो म्हणतात. इथल्या एका मोठ्या डॉक्टरची गाडी माझ्याकडे येते, त्याच्याकडे मी गेलो होतो. तो म्हणाला, घेऊन या, तपासू. घेऊन येणार कसं, तोच तर प्रश्न आहे. तोवर त्यांच्या हातातून डबा काढून घेऊ नकोस. वाजवू दे त्यांना. त्यांना वाजवून समाधान मिळत असेल तर मिळू दे, आपण

(खाडाखोड माफ कर. इथून पुढे दुसऱ्या दिवशी लिहितोय.)

काल इथवर लिहून उठलो. नेहमीप्रमाणे तुझ्या भावजयीने पत्र वाचलं, मग तुझं मूळ पत्रही काढून वाचलं आणि मला हाक मारली. म्हणाली, "अहो, तो डबा ते गाडीत ठेवायचे कुठे?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मागच्या सीटवर ठेवत असतील. ती म्हणाली, डॉक्टरांना गाडीत अन्नाचा वास खपायचा नाही असं तुम्हीच सांगता ना? मी म्हटलं, हो, डॉक्टर त्या बाबतीत फार कडक होते. ती म्हणाली, मग? आणि निघून गेली. ही बाई माझ्या गॅरेजात असती तर चौथं गॅरेज झालं असतं.

ताई, मग मला भंगारात टाकलेलं ते आठवलं. ती वाकडी चौकट. तापणाऱ्या नळीच्या बरोबर वर. डब्याच्या मापाची. ज्या अडाण्याचा मी उद्धार केला तो कोण होता हे आता मला कळतंय. लांबच्या फेऱ्या करणारे जुने ड्रायव्हर जेवण गरम राहावं म्हणून इंजिनावर डबा ठेवायचे, हे मी शंभरदा पाहिलंय. फक्त आपल्या घरात ते कुणी करत असेल असं माझ्या मनात आलं नाही, कारण माझ्या मनात तिसरा टॅपेट होता.

त्यांना विचार. पण नीट विचार, हो-नाहीत उत्तर देता येईल असं.

तुझा,
ढब्या


२५ फेब्रुवारी

प्रिय ढब्या,

सगळं विचारलं. वकिलासारखी समोर खुर्ची घेऊन बसले.

डबा इंजिनावर ठेवायचात? हो. तोच वाजायचा? हो, आणि हात वर करून सुटल्यासारखं केलं, की एकदाचं कळलं हिला. डॉक्टरांना माहीत होतं? नाही. मला का नाही सांगितलंत? असू दे. ढब्या, एवढी वर्षं माझी समजूत अशी की डॉक्टरीणबाई ह्यांचा डबा स्वतः गरम करून देतात. त्याबद्दल दर वर्षी मी त्यांना हाताने भरतकाम करून रुमाल पाठवला. त्या बिचाऱ्या घेत राहिल्या. त्यांना काय वाटत असेल देव जाणे.

मग त्या दिवसाचं विचारलं, तुझ्या टॅपेटच्या. हे पुढचं लिहू की नको म्हणून दोन दिवस थांबले होते. पण हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं आणि ह्यांनी हो म्हटलं, म्हणून पाठवते.

गॅरेजात आल्यावर तुम्ही डबा काढून घेतला होता का? हो. फेरी मारताना तो गाडीत नव्हताच? नाही. म्हणजे वस्ताद म्हणाले यात काही नाही, ते खरं होतं? हो. आणि परत हे हसायला लागले, पण या वेळी मला हसू येईना. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी डबा ठेवल्यावर गाडी परत वाजली असेल. डॉक्टर परत वस्तादांकडे गेले असते. पोराला परत बादलीवर बसवलं असतं. ह्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

तेव्हा मला आठवलं. त्या सुमारास महिनाभर हे घरी येऊन रात्री दोन वेळचं जेवल्यासारखे जेवायचे. डबा अर्धा परत यायचा. मी भांडले होते, स्वयंपाक आवडत नाही का म्हणून. मी विचारलं, तेव्हा तुम्ही गार जेवत होता?

हो.

डॉक्टर विसरेपर्यंत?

हो.

मी म्हटलं, अहो, मग नंतर तरी त्याला सांगायचं. इतकी वर्षं तो सगळीकडे सांगत फिरतो.

तर म्हणाले, "असू दे."

रागावू नकोस. ह्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. आपल्याच.

तुझी,
ताई


३ मार्च

प्रिय ताई,

रागावणार कुणावर? कालपासून मी गॅरेजात फिरतोय आणि प्रत्येक भिंत मला विचारतेय, कुठल्या टॅपेटवर उभी आहे मी? वस्तादांचा फोटो ऑफिसात लावलाय, त्याच्याकडे बघणं सोडलंय. म्हातारा बरोबर होता. यात काही नाही, असं तो म्हणाला, आणि यात खरोखरच काही नव्हतं. गार जेवणाचं वाचून तुझी भावजय काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा हा प्रकार मला नवीन होता.

असो. चौकट केली. कुणाला हात लावू दिला नाही. नवी सरळ केली तर डबा गप्प बसला, मग जरा वाकवली. इथला एक डबा आणून त्यावर ठेवला आणि इंजिन चालू केलं. रिकामा नुसता खणखणतो. दगड भरले तर ठोके घालतो. तेव्हा खरा डबा हवा, खरं जेवण भरून, खरा चमचा आत टाकून. रविवारी सकाळी मी पोचतो. माझ्यासाठी नको, पण डब्यासाठी लवकर उठ. झाकण घट्ट लावू नकोस. आणि ह्या वेळी मी कुठलंही दार उघडून गाद्या दाखवणार नाही, हॉर्नला हात लावणार नाही. कोपऱ्यावरून तेवढा येईन.

व्यायामाच्या बाईंना सांगून ठेव, केंद्र रविवारी उघडं ठेवा.

तुझा,
ढब्या


२१ मार्च

प्रिय ढब्या,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, पण आता दुपारी वेळ मिळत नाही. कारण पुढे येईलच.

तू कोपऱ्यावर वळलास तेव्हा मी ओट्यापाशी होते. हात आपोआप ताटांकडे गेले. मग भान आलं आणि बाहेर आले, तर हे काठी घेऊन उठून उभे राहिलेले. मला न बोलावता. पायऱ्यांवर तू हात पुढे केलास तो ह्यांनी घेतला, पुढच्या सीटवर बसले, आणि दार स्वतः ओढून घेतलं. तुला दिसलं नसेल, मी मागे वळून पदर डोळ्याला लावला.

पण खरी कमाल तू परत येताना केलीस. मी आवाजाकडे कान लावून फाटकात उभी. आवाज काही येईना. बघते तर शिंपीणबाईंच्या दुकानापासून हे पायी चालत येतायत. एका हातात काठी, काठी धरलेल्याच बोटांत डबा अडकवलेला, दुसऱ्या बाजूने तू कोपर धरलेलं. सगळी गल्ली दारात. मधे दोनदा थांबले, पण बसले नाहीत. फाटकात आल्यावर डबा माझ्या हातात दिला. रिकामा होता, पुसल्यासारखा.

व्यायामाच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या भावाला मानलं, गाडी मुद्दाम लांब थांबवून चालायला लावलं. आम्हाला वर्षानुवर्षं शिकून हे सुचलं नसतं. आता हे रोज दुपारी मला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. परवा त्याच्याही पुढे गेलो. बाई म्हणतात, पाय परत आलाय.

मी सगळ्यांना सांगते, ढब्या लहानपणापासून हुशार. शिंपीणबाई म्हणत होत्या की तू नंतर हातात कॅन घेऊन रस्त्याने पळत होतास, पण त्यांना सगळ्यातच काहीतरी दिसतं. ह्यांना विचारलं, ढब्याने मुद्दाम केलं ना? तर ना हो, ना नाही. नुसते हसतात.

तू तरी लिही, तुला हे सुचलं कसं?

तुझी,
ताई


२९ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. पाचही दिवस मी ते खिशात घेऊन फिरलो आणि ज्याला त्याला "आम्हाला हे सुचलं नसतं" ही ओळ वाचून दाखवली. फोरमनला, डॉक्टरला, समोरच्या गॅरेजवाल्यालासुद्धा. काल रात्री तुझी भावजय म्हणाली, ताईंना लिहिताय ना खरं? मग आज बसलो.

जाताना सगळं उत्तम झालं. भावोजी मांडीवर हात ठेवून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले, डबा वाजत होता. केंद्रात बाईंनी त्यांना दांड्याला धरून चालवलं, मग आम्ही दोघं बाकावर बसून जेवलो. अन्न कढत होतं. भावोजींनी पहिला घास मला दिला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि तुला माहीत आहे असं माझं क्वचित होतं.

परतताना रिकामा डबा पुन्हा चौकटीत ठेवला आणि ती कसर मी भरून काढली. टेकडीच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली, त्यांनीच शिकवलेलं, आणि बोलत सुटलो. म्हटलं, भावोजी, जमलं की नाही? हुबेहूब तोच आवाज. आता तर मला झाकण कुठलं आणि चमचा कुठला हेसुद्धा वेगळं ऐकू येतंय. रिकाम्या डब्यातला चमचा जरा जास्त मोकळा वाजतो, बघा.

ते म्हणाले, "नाही."

मी म्हटलं, नाही काय, अगदी तोच आहे. परत म्हणाले, नाही, आणि चांगला हात लांब करून घड्याळांच्या शेजारच्या लाल दिव्यावर बोट टेकवलं. तो पेटलेला होता. तोवर उतार संपत आला होता. गाडी शिंपीणबाईंच्या दुकानासमोर येऊन हळूच उभी राहिली, तसा डबाही थांबला. मग जी शांतता झाली तीत मला पहिल्यांदा भावोजींचं हसणं ऐकू आलं.

चावी मारली, परत मारली. म्हटलं, तुम्ही बसा, मी धक्का मारायला माणसं आणतो. त्यांनी दार उघडलं. मी म्हटलं, अहो थांबा, पडाल. ते म्हणाले, "असू दे," आणि पाय रस्त्यावर टेकवला. डबा मागितला, तो काढून दिला. बाकी तू पाहिलंस. चालायचं त्यांनी ठरवलं, ताई. मी नुसता कोपर धरून मागे मागे होतो, आणि मला भीती एवढीच होती की तू फाटकातून विचारशील, गाडी कुठाय?

पेट्रोलचं घड्याळ मी नवं बसवलं होतं, काच पुसून चकचकीत केली होती, तार जोडायची राहिली होती. काटा अर्ध्यावर होता. तो बसवल्यापासून अर्ध्यावरच होता.

पेट्रोल संपलं होतं. इंजिन उताराच्या वरच्या टोकालाच बंद पडलेलं होतं, आणि मला ते ऐकू आलं नाही.

तुझा,
ढब्या